बाजार जवळ, पैसा लांब: सातारा-सांगलीतल्या लहान शेतकऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावापर्यंत डांबरी रस्ता आला, बाजार समिती वीस किलोमीटरवर आहे. मग बाजार मिळाला असं म्हणायचं की नाही?

रस्ता ही पहिली पायरी. पुढच्या पायऱ्या अशा: मालाला किमान दोन गिऱ्हाइकं आहेत का, वजन तुमच्या डोळ्यांसमोर होतं का, पैसे कधी हातात पडतात, आणि आज भाव पडला तर माल महिनाभर थांबवता येतो का. या चारांतली एक जरी गोष्ट नसली तरी जवळचा बाजार लांबच राहतो. खटाव-माणमधल्या किंवा जतच्या पूर्व भागातल्या गावाला अंतराचा त्रास आहे. मिरज-पलूस पट्ट्यात अंतराचा त्रास नाही, तरी व्यापारी एकच असेल तर तो म्हणेल तोच भाव. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिल्याची भाषा बदलते, हे ज्यानं माल विकलाय त्याला सांगावं लागत नाही.

लहान शेतकऱ्यालाच हा प्रश्न जास्त का छळतो?

सरकारी व्याख्येत एक हेक्टरपर्यंत अत्यल्पभूधारक, एक ते दोन हेक्टर अल्पभूधारक. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं १.३४ हेक्टरचं निघालं. एवढ्या रानातला माल टेम्पो भरत नाही, आणि टेम्पोचं भाडं मात्र अर्धं होत नाही. शिवाय सोसायटीचं कर्ज, दुकानाची उधारी आणि शाळेची फी एकाच वेळी अंगावर येतात, तेव्हा माल काढला की विकावाच लागतो. व्यापाऱ्याला ही निकड बरोबर कळते.

भाजीपाला गावातल्या व्यापाऱ्याला द्यावा की पुण्याला न्यावा?

भाव बघून ठरवू नका, घरात काय पडतं ते मांडा. खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमचे आकडे घालून हाच हिशेब करा.

समजा बांधावर टोमॅटोला किलोला १० रुपये मिळतायत आणि पुण्याच्या गुलटेकडी बाजारात १५. तुमच्याकडे २५ किलोचे २० क्रेट, म्हणजे ५०० किलो माल आहे. पुण्यात ७,५०० रुपये होतात. त्यातून वाटेतली घट आणि चेपलेला माल ३ टक्के धरला तर २२५ गेले. क्रेटमागे ४५ रुपये भाडं, म्हणजे ९००. हमाली, तोलाई, वाराई असे चढ-उताराचे आणि वजनाचे खर्च मिळून २००. तुमचं जाणं-येणं आणि जेवण ३००. उरले ५,८७५, म्हणजे किलोला पावणेबारा रुपये. बांधावर ५,००० मिळाले असते. फायदा ८७५ रुपये. त्यातून तुमच्या दिवसाची मजुरी वजा करा.

आता तोच हिशेब ५ क्रेटचा. १२५ किलोचे १,८७५ रुपये. घट ५६, भाडं २२५, हमाली वगैरे ५०, जाणं-येणं तेच ३००. उरले १,२४४. बांधावर १,२५० मिळत होते. किलोला पाच रुपये जास्त भाव असूनही सहा रुपयांचा तोटा, आणि दिवस गेला तो वेगळा.

भाव दोन्हीकडे तोच आहे, बदललं ते मालाचं माप. म्हणून चार-पाच घरांचा माल एका गाडीत घालणं आणि एकानंच सोबत जाणं हा लहान शेतकऱ्यासाठी सगळ्यात स्वस्त उपाय आहे. तो मोडतो बहुतेक वेळा एका कारणानं: माल एकत्र होतो आणि कोणाच्या क्रेटला किती भाव लागला हे कळत नाही. यावर तोड सोपी. प्रत्येक घराच्या क्रेटवर वेगळ्या रंगाची खूण करा, अडत्याला (बाजारात माल विकून देणाऱ्या दलालाला) प्रत्येक नावानं वेगळी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, करायला सांगा आणि भाडं क्रेटवर वाटून घ्या.

हिशेबपट्टीत काय बघायचं?

पट्टी हातात आली की लोक शेवटचा आकडा बघतात आणि घडी घालून खिशात टाकतात. आधी वजन बघा. घरून निघताना केलेलं वजन आणि पट्टीवरचं वजन यात किती फरक आहे? भाजीपाल्यात दोन-तीन टक्के घट समजू शकते. धान्यात, हळदीत एवढी घट होण्याचं कारण नाही.

मग कपाती बघा. फळं-भाजीपाल्याची आडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, २०१६ पासून शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदारानं द्यायची आहे. बाजार समितीची फीसुद्धा खरेदीदाराच्याच अंगावर असते. पट्टीत "इतर", "खर्च" अशा मोघम नावानं रक्कम लावली असेल तर ती कशाची, हे तिथंच विचारा. पोत्यामागे किंवा बॉक्समागे ठरावीक ग्रॅम कापून घेणं, ज्याला कुठं कडता तर कुठं तूट म्हणतात, हे वजन झाल्यावर केलं जातं आणि पट्टीत दिसतच नाही. ५० किलोच्या पोत्याला ५०० ग्रॅम म्हणजे एक टक्का, शंभर पोत्यांमागे एक पोतं.

पट्टी छापील हवी. तिच्यावर अडत्याचं नाव, परवाना क्रमांक, तारीख, खरेदीदाराचं नाव आणि दर हवा. साध्या चिठोऱ्यावर लिहिलेला हिशेब तक्रारीच्या वेळी लंगडा पडतो. विक्रीचे पैसे नियमानं २४ तासांत मिळायला हवेत. "पुढच्या बाजाराला या" ही तुमच्याकडून घेतलेली बिनव्याजी उधारी असते.

हळद निघाली की लगेच विकावी की थांबावं?

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात हंगामात, म्हणजे साधारण फेब्रुवारी ते मे, हळदीची आवक दाटते. थांबणं ही इथली जुनी रीत आहे. सांगलीशेजारी कृष्णा-वारणा संगमावरच्या हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद वर्षानुवर्षं साठवली जायची. २००५ च्या महापुरानं त्यातली बरीच पेवं निकामी केली. आता गोदाम आणि शीतगृह आहे, पण विचार तोच: ज्याला साठवता येतं त्यालाच भाव मागता येतो.

लहान शेतकऱ्याची अडचण गोदामाची कमी आणि मधल्या खर्चाची जास्त. त्यासाठी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे, १९९०-९१ पासून. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा आणि हळदीसारख्या मालावर किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं. व्याज सहा टक्के, मुदत सहा महिने. मुदत ओलांडली की दर चढतो.

आकड्यात बघा. १० क्विंटल वाळलेली हळद, दर क्विंटलला १२,००० धरला तर माल १ लाख २० हजारांचा. कर्ज ९०,०००. सहा महिन्यांचं व्याज साधारण २,७०० रुपये, म्हणजे क्विंटलला २७०. भाव याहून जास्त चढला तर थांबणं फायद्याचं. हेच ९०,००० रुपये सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी घेतले तर सहा महिन्यांचे १६,२०० होतात, क्विंटलला १,६२०. तेवढी तेजी दर वर्षी येत नाही. तेव्हा "थांबावं का" याचं उत्तर तुम्ही कुठल्या पैशावर थांबताय त्यावर आहे.

चुकतं कुठं? हळद नीट न वाळवता ठेवली की. हळकुंड दोन बोटांत धरून मोडलं तर खट्कन आवाज होऊन तुटलं पाहिजे. वाकलं, किंवा तुटल्यावर आत गाभ्याला ओलसर गडद ठिपका दिसला, तर अजून ऊन हवंय. ओलावा दहा टक्क्यांच्या खाली यायला हवा, नाहीतर बुरशी धरते, कीड लागते आणि थांबून मिळालेली तेजी प्रतवारीत जाते. दुसरी चूक म्हणजे हळकुंड, गड्डा आणि कणी एकाच पोत्यात भरणं. सौद्यात पोतं फोडल्यावर खालच्या मालावरून सगळ्याचा भाव ठरतो. आणखी एक: सगळा माल थांबवू नका. कर्जफेडीपुरता आधी विका, बाकीचा दोन-तीन टप्प्यांत. तेजीचं शिखर कोणालाच पकडता येत नाही.

द्राक्षाची पेटी द्यावी की बेदाणा करावा?

तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागात द्राक्षाचा दर चार किलोच्या पेटीवर बोलतात, आणि साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. त्यामुळे तुलना सोपी आहे. पेटीचा दर आणि बेदाण्याचा किलोचा दर शेजारी मांडा. मधला फरक हा काढणी, डिपिंग (वाळवण्याआधी घड द्रावणात बुडवणं), शेडभाडं, नेटिंग-ग्रेडिंग, बॉक्स आणि शीतगृहाच्या भाड्याला पुरला पाहिजे आणि वर काही उरलं पाहिजे.

पण "चार किलो" हे गोडीवर हलतं. १८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या गोडीचं माप) माल उतरवला तर एका किलोला साडेचार किलोहून जास्त द्राक्षं लागतात, २२ ब्रिक्सला चारच्या आत भागतं. ढगाळ हवा आली म्हणून घाईनं कच्चा माल शेडवर नेला की वजनही जातं आणि रंगही. डिपिंगला लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल हे रूढ प्रमाण आहे. द्रावण जुनं झालं, त्यात माती उतरली की पुढच्या घडांवर थर नीट बसत नाही आणि माल काळपट पडतो. द्रावण वेळेवर बदला. शेडवरचे मजूर ते वाचवायला बघतात, तिथं मालकानं स्वतः उभं राहावं.

सौद्याच्या वेळी दोन गोष्टींवर नजर हवी. बॉक्समागची तूट, आणि माल दाखवताना होणारी उधळण. १५ किलोच्या बॉक्समधून मूठमूठ बेदाणा काढून टेबलावर टाकला जातो, खाली सांडतो आणि तो परत बॉक्समध्ये येत नाही. हा माल शेतकऱ्याचा आहे. बाजार समित्यांनी यावर मर्यादा घालण्याचे निर्णय केलेत, ते पाळले जातात का हे सौद्याला हजर राहिल्याशिवाय कळत नाही. बेदाणा शीतगृहात ठेवून नुसत्या फोनवर विकणाऱ्यांचं नुकसान इथंच होतं.

द्राक्ष व्यापारी माल नेतो आणि पैसे बुडवून पळतो. कसं सांभाळायचं?

दर हंगामात हा प्रश्न येतो. व्यापारी बाहेरचा, ओळख दलालाची, पहिल्या दोन गाड्यांचे पैसे रोख, आणि मग शेवटच्या मोठ्या तोडणीला "चार दिवसांत टाकतो". सगळा धोका त्या शेवटच्या तोडणीत असतो.

सौदा ठरतो तेव्हाच कागद करा. त्यात दर, पेटीचं वजन, पैशाची मुदत, व्यापाऱ्याचं आणि दलालाचं नाव-पत्ता आणि सह्या. आधारकार्डाची प्रत आणि गाडीचा नंबर घ्या. विसार घ्या, आणि तो शेवटच्या तोडणीत वळता करा, पहिल्या नव्हे. प्रत्येक गाडीचे पैसे आल्याशिवाय पुढची तोडणी नाही, हे आधीच बोला. पिकलेला माल झाडावर असताना हे बोलणं जड जातं, म्हणून कळ्या-मण्यांच्या वेळीच दोन-तीन व्यापाऱ्यांशी संपर्क ठेवा.

धनादेश घेतला आणि तो वटला नाही, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस असतात, त्यानंतर एका महिन्यात न्यायालयात तक्रार. "देतो, देतो" म्हणत त्यानं तुमचे हे ३० दिवस घालवले तर धनादेशाची धार जाते. बहुतेक जण इथंच फसतात.

वजनाचंही बघा. चार किलोच्या पेटीत २०० ग्रॅम भर जादा गेली तर वीस पेट्यांमागे एक पेटी फुकट गेली.

आल्याचा भाव "गाडी"वर का बोलतात, आणि नवं-जुनं काय भानगड आहे?

सातारा जिल्ह्यात गाडी म्हणजे ५०० किलो. गाडीला २०,००० म्हणजे किलोला ४० रुपये. बाहेरच्या बाजाराचे दर किलोत किंवा क्विंटलात येतात, त्यामुळे तुलना करताना आधी किलोवर आणा.

नवं आलं कोवळं, टिकायला कच्चं, म्हणून व्यापारी त्याला कमी दर लावतो. खरा वाद होतो तो काढणी झाल्यावर. सौदा एका दराचा ठरतो, माल उपटून ढीग पडला की "यात नवं जास्त आहे" म्हणून निवड सुरू होते. उपटलेलं आलं परत जमिनीत घालता येत नाही. काढणीआधी दोन-चार ठिकाणचे गड्डे उकरून व्यापाऱ्याला दाखवा, आणि नवं-जुनं वेगळं धरणार की सरसकट, धुण्याची मजुरी कोणाची, वजन धुण्याआधी की नंतर, हे तिथंच ठरवा.

सोयाबीनला ओलावा दाखवून दर पाडतात. खरोखर किती कापायला हवं?

हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची रूढ मर्यादा १२ टक्के. १६ टक्के ओलाव्याचं १०० किलो सोयाबीन वाळून १२ टक्क्यांवर आलं तर साधारण साडेपंच्याण्णव किलो राहतं. म्हणजे रास्त कपात साडेचार टक्क्यांच्या आसपास, ४,००० च्या दराला १८० रुपये. त्यावर ४०० कापले तर २२० रुपये तुमचे गेले. चार उन्हं देऊन माल वाळवला की ही चर्चाच संपते. मात्र ऐन काढणीत पाऊस आला तर लहान शेतकऱ्याकडे वाळवायला खळं नसतं, आणि गावात सामायिक वाळवणीचा ओटा असणं किती मोलाचं आहे हे तेव्हा कळतं.

सगळे ऊसच का लावतात?

कारण गिऱ्हाईक ठरलेलं आहे. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, सरकार जाहीर करतं, २०२५-२६ साठी १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं पैसे १४ दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. भाजीला यातली एकही हमी नाही.

तरी लहान शेतकऱ्याची अडचण इथंही आहे. तोडणी कार्यक्रमात वीस गुंठ्यांचा फड मागे पडतो, उसाला तुरा येतो, वजन घटतं. मुकादमाची खुशाली, ड्रायव्हरची एन्ट्री हे वरचे खर्च कुठल्याच बिलावर दिसत नाहीत. आडसाली उसाचा पैसा दीड वर्षानं, तोही सोसायटीचं कर्ज कापून. कारखान्याकडे उसाची नोंद केल्याची तारीख असलेली पावती जपून ठेवा, पाळी डावलली तर तोच पुरावा.

मग घर चालतं कशावर?

दुधावर, बऱ्याच घरांत. दहा दिवसांनी पगार होतो, फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) दर लागतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया. डेअरीतल्या मशीनची चिठ्ठी रोज घ्या, शंका आली तर दुसऱ्या केंद्रावर त्याच दुधाचा नमुना तपासा.

बाजार चांगला मिळाला तर त्याचा फायदा घरातल्या बाईपर्यंत पोचतो का?

आपोआप नाही. दूध काढणारी, वैरण आणणारी, आलं निवडणारी बाई असते. सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असतो, म्हणून ऊसबिल, हमीभावाची नोंदणी, कर्ज सगळं त्याच नावानं होतं. दुधाचं खातं बाईच्या नावानं करणं सोपं आहे, डेअरीत सांगितलं की होतं, आणि त्या पैशातून रोजची चूल, औषध, वह्या भागतात. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून पत्नीचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं. अर्ज तलाठी कार्यालयात द्यायचा. हे काम वर्षानुवर्षं "बघू" वर राहतं. यंदाच करून टाका.

शेतकरी उत्पादक कंपनी काढली तर सुटेल का?

काढणं सोपं: किमान दहा उत्पादक, पाच ते पंधरा संचालक. चालवणं अवघड. पहिली अडचण खेळत्या भांडवलाची. सभासदाला रोख लागते, कंपनीला खरेदीदाराकडून पैसे पंधरा-वीस दिवसांनी मिळतात. मधले दिवस भरून काढायला पैसा नसला की पहिल्याच हंगामात सभासद माल शेजारच्या व्यापाऱ्याला घालतो. त्याला दोष देता येत नाही. दुसरी अडचण: एकदम पाच पिकं हातात घेणं. एक पीक, एक प्रत, दोन खरेदीदार एवढ्यानं सुरुवात करा. तिसरी, भावाचं आश्वासन देणं. दराऐवजी चोख वजन, छापील पट्टी आणि ठरल्या दिवशी पैसे याची हमी द्या. सभासद त्यावर टिकतो.

आणि कंपनी न काढताही निम्मं काम होतं. आठ-दहा घरांचा गट, एक वजनकाटा, एक वही.

भौगोलिक मानांकन मिळालंय, मग आम्हाला भाव का वाढून मिळत नाही?

महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोरेगावचा वाघ्या घेवडा, सांगलीचा बेदाणा, सांगलीची हळद या सगळ्यांना मानांकन आहे. पण ते नाव पाकिटावर वापरायला तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी हवी, आणि माल पाकिटात जायला हवा. पोत्यात भरून यार्डात गेलेल्या घेवड्याला मानांकनाचा वेगळा दर लागत नाही. नोंदणी गटानं करा, खर्च आणि धावपळ वाटली जाते.

मोबाईलवर दिसणारा भाव आणि मिळालेला भाव यात एवढा फरक का?

मोबाईलवर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे असतात, गावात चर्चा कमालचीच होते. कमाल दर दोन-चार पोत्यांनाही लागलेला असू शकतो. सर्वसाधारण दर आणि त्या दिवशीची आवक एकत्र बघा, तेही आठवडाभराचं.

महापुरात रस्ते बंद झाले तर?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडून मुंबईला जाणारं दूध अडलं होतं. नदीकाठच्या गावांनी जून संपायच्या आत हळद-बेदाण्यासारखा साठवलेला माल उंचावरच्या गोदामात हलवावा, विमा आहे का ते गोदामाच्या पावतीवर तपासावं, आणि पूररेषेबाहेरचं एक दूध संकलन केंद्र आधीच बोलून ठेवावं.

पैसे अडले, वजनात मारलं. तक्रार कुठं?

आधी बाजार समितीच्या सचिवांकडे, लेखी, पट्टीची प्रत जोडून, आणि पोच घेऊन. तिथं हललं नाही तर तालुक्याचे सहायक निबंधक, मग जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. काट्याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे. तोंडी तक्रारीची नोंद राहत नाही. मूळ पट्टी कोणालाच देऊ नका, नेहमी प्रतच द्या.